उद्यापनानंतरचे दाणे

पूर्वी हिमालयाच्या कुशीतल्या वरुणावती नगरीत मेघकेतू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तेथल्या एका लोकरीच्या व्यापाऱ्याच्या घराण्यात जन्माला आला होता. त्याचे नाव सोमिल. त्या नगरीची रीत अशी होती, की उन्हाळाभर मेंढपाळांकडून लोकर घ्यायची, तिच्या घोंगड्या विणून घ्यायच्या, आणि खिंड बर्फाने बंद होण्यापूर्वी साऱ्या व्यापाऱ्यांनी बायकामुलांसह खाली मैदानात उतरायचे. हिवाळा तिकडे काढायचा, माल विकायचा आणि बर्फ वितळले की घरी परतायचे. मागे राहत ते राजाचे पहारेकरी, म्हातारे लोक आणि ज्यांना खाली जायला ठिकाणच नाही असे गरीब. श्रीमंतांच्या आळीत मात्र हिवाळाभर दारांना कुलपे असत.

कथा सोमिलाची आहे खरी, पण तिच्यात जे घडले ते अधिक करून त्याच्या बायकोच्या, कुमुदेच्या, मनात घडले. म्हणून आपण तिच्याच मागे मागे गेलेले बरे.

कुमुदा हाताला चटपटीत आणि जिभेला तिखट होती. तिच्या शब्दाबाहेर घरातले पानही हलत नसे, आणि सोमिलाला त्यात काही वावगे वाटत नसे. त्यांची एकुलती एक मुलगी इंदुला मैदानातल्या एका गावी दिली होती. ती पहिलटकरीण होती आणि माघात तिचे दिवस भरायचे होते. पहिले बाळंतपण म्हणजे आई जवळ हवी, असे इंदुलाने दर निरोपात कळवले होते, आणि कुमुदेने भाद्रपदापासूनच तयारी चालवली होती. बागेतले अक्रोड फोडून झाले, डिंक तळून झाला, तीळ भाजून झाले. घरच्या तुपात आणि गुळात तिने बाळंतिणीचे लाडू वळले आणि पितळेच्या मोठ्या डब्यात भरून वरून फडके बांधून ठेवले. त्या डब्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती.

त्याच शरद ऋतूत सोमिलाला ताप आला. वैद्याचे काढे झाले, अंगारे झाले, तरी ताप उतरेना. तेव्हा कुमुदा मागच्या बागेत गेली, अक्रोडाच्या झाडाखाली उभी राहिली आणि हात जोडून म्हणाली, "हे बरे होऊ देत. कार्तिकी पौर्णिमेपासून महिनाभर मी या बागेतल्या पाखरांना रोज सकाळी दाणे घालीन." पाखरेच का, हे तिलाही सांगता आले नसते. त्या वेळी डोळ्यांसमोर तीच होती.

सोमिल बरा झाला. कुमुदेनेही आपला शब्द मोडला नाही. अक्रोडाखालच्या सपाट दगडावर ती रोज सकाळी राळे, जव आणि तीळ घाली. तेही चिमूटभर नव्हे, टोपली भरून. दरवर्षी वरच्या रानातून पाखरांचे थवे कार्तिकात उतरत, एखाददुसरा दिवस बागेत टेकत आणि पाठीशी उत्तरेचा वारा घेऊन खालच्या उबदार खोऱ्यात निघून जात. यंदा त्यांना वाटेतच पंगत मांडलेली दिसली, आणि ती राहिली. चिमण्यांहूनही लहान, डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखी करडी पाखरे होती. तांबूस शेपटी सारखी थरथरवणारे थिरथिरे होते. पिवळसर पोटाची, नाव कोणालाच माहीत नसलेलीही बरीच होती. आळीतल्या बायका बघायला येत आणि म्हणत, "कुमुदे, तुझ्या बागेत तर जत्राच भरली गं!" कुमुदा वरवर "कसलं काय" म्हणे, पण मनातून खूश होई. अशक्त सोमिल घोंगडी पांघरून ओसरीत बसे आणि दिवसभर त्यांच्याकडे बघे. एकेक पाखरू तो ओळखू लागला होता.

महिना भरला. कुमुदेने रीतसर उद्यापन केले. ब्राह्मण जेवले, दक्षिणा झाली आणि शेवटी चालीप्रमाणे दाण्यांची टोपली देवापुढे पालथी घातली. पालथी टोपली म्हणजे व्रत पुरे झाले, आता देवाचे काही देणे नाही. कुमुदेला मोकळे मोकळे वाटले. दुसऱ्याच दिवशी निघायचे होते.

त्या रात्री पहिले बर्फ पडले. सकाळी खेचरांच्या गळ्यातल्या घंटा वाजू लागल्या. सोमिलाचा भागीदार गोभद्र तांडा घेऊन दारात उभा होता, आणि खिंड बंद व्हायच्या आत निघायला हवे म्हणून त्याची घाई चालली होती. कुमुदा पायरीवर उभी राहून गाठोडी चढवून घेत होती. मागच्या दाराला कडी घालून येतो म्हणून गेलेला सोमिल येईना, तेव्हा ती त्याला बोलवायला बागेत गेली.

तो अक्रोडाखाली उभा होता. दगडावर बर्फाचा थर होता, आणि त्या बर्फावर, फांद्यांवर, कुंपणावर पाखरे बसली होती. पिसे फुगवून, मुकाट्याने, रोजच्या वेळी येऊन वाट बघत.

"अहो, तिकडे गोभद्रभावोजी ओरडून ओरडून दमले. काय बघत उभे राहिलात?"

सोमिल वळला नाही. म्हणाला, "कुमुदे, व्रत संपल्याचं यांना कोणी सांगितलं?"

कुमुदेला आधी हसू आले. "पाखरांना काय सांगायचं? दाणे दिसले नाहीत, की जातील आपली आपण."

"कुठे?"

"खाली. जातात ना दरवर्षी?"

"दरवर्षी कार्तिकात जातात, वारा पाठीशी असतो तेव्हा. यंदा आपण वाढलं म्हणून थांबली. आता वारा फिरलाय. खालचं रानही पांढरं झालंय. एवढ्याशा जिवांना उपाशीपोटी ती खिंड ओलांडायला सांगायची?"

कुमुदेने फांद्यांवरच्या पाखरांकडे पाहिले. नवऱ्याचे म्हणणे खोटे नव्हते. तिच्या व्रतात कसलीच उणीव राहिली नव्हती, ब्राह्मणांनीही तसे सांगितले होते. पण महिना मोजताना तिने तो देवाशी मोजला होता. जे रोज येऊन खात होते त्यांच्या बाजूने तो किती दिवसांचा असायला हवा, हे तिच्या डोक्यातच आले नव्हते.

एवढ्यात गोभद्र स्वतःच बागेत आला. सगळे ऐकून त्याने कपाळाला हात लावला. "सोमिला, ताप अंगातून उतरला, तो डोक्यात जाऊन बसला वाटतं! त्यांना पंख दिलेत देवानं. आणि मेली चार पाखरं, तर रानात काय तोटा आहे?"

"रानातली रानाच्या भरवशावर आहेत," सोमिल म्हणाला. "ही आमच्या भरवशावर राहिली."

"मग बस इथे राखण करीत. पण यंदाच्या विक्रीत वाटा मागायला येऊ नकोस."

"नाही येणार," सोमिल म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून गोभद्राला जास्तच राग आला.

मग सोमिल बायकोला म्हणाला, "तू जा. इंदुला डोळ्यांत प्राण आणून वाट बघत असेल. माझं मी बघेन. चूल पेटवता येते मला."

तो चूल कशी पेटवतो हे कुमुदेला चांगले ठाऊक होते. घर धुराने भरायचे आणि भात कच्चा राहायचा. नुकताच तापातून उठलेला हा माणूस बर्फात एकटा टाकून जायचा कसा? आणि तिकडे लेक? तिच्या पहिल्या कळेला आई नाही? या दोघांच्या मध्ये येऊन बसली होती ती मूठ मूठभर पाखरे, आणि त्यांना बोलावून बसवले होते तिनेच. कोणावर चिडावे हेच तिला कळेना, म्हणून ती सगळ्यांवरच चिडली.

ती ताडताड दाराशी गेली आणि खेचरवाल्यावर खेकसली, "उतरव माझं सामान! सगळं उतरव!" लेकीला सांगायचा निरोप तिने गोभद्राला सांगितला आणि दार लावून घेतले. तांडा वळणाआड गेल्यावर तिच्या लक्षात आले, की रागाच्या भरात लाडवांचा डबाही उतरवून घेतला होता. निदान तो तरी जायला हवा होता. त्याच रात्री मोठे बर्फ पडले आणि खिंड बंद झाली.

दोन दिवस ती नवऱ्याशी बोलली नाही. भांडी मात्र भरपूर बोलत होती. तिसऱ्या दिवशी खिडकीतून पाहते तो सोमिल सुपातले दाणे ताज्या भुसभुशीत बर्फावर टाकत होता. दाणे आत बुडत होते आणि पाखरे वर बसून बघत होती. कुमुदेला राहवेना.

"अहो, दाणे घालताय की पेरताय?"

ती झाडू घेऊन बाहेर आली, दगड लख्ख झाडला, त्यावर दाणे पसरले आणि अबोला तेथेच संपला. सोमिल ओसरीत जाऊन थोडा हसला.

वाढणे सोपे आहे असे कुमुदेला वाटत असे. त्या हिवाळ्यात तिला कळले, की तसे नाही. दगडावर वारा फार लागतो म्हणून तिने एकदा दाणे कुंपणाच्या दाट झुडपापाशी घातले. आडोसा पाखरांना मिळाला, तसा रानमांजरालाही मिळाला. दुसऱ्या सकाळी बर्फावर पिसे विखुरलेली होती आणि त्यात तांबूस शेपटीचा एक थिरथिरा मरून पडला होता. कुमुदा तेथेच बसून रडली. "माझ्याच हातानं मांजराच्या तोंडी दिलं हो," ती म्हणत राहिली. त्या दिवसापासून दाणे पुन्हा मोकळ्यावर गेले, जेथून चारही बाजूंचे दिसेल. आणखी एकदा तिला दिसले, की दाणे तसेच पडले आहेत आणि पाखरे पाण्याच्या गोठलेल्या दगडी डोणीच्या कडेवर चोची आपटत आहेत. चहूकडे पाणीच पाणी, पण सारे थिजलेले. मग ती मातीच्या पसरट परळात कोमट पाणी नेऊन ठेवू लागली. ते गोठले, की पुन्हा नेई. म्हाताऱ्या शेजारणी म्हणत, "कुमुदेला नातवंड इकडेच झालेलं दिसतंय." तिला ते लागे आणि हसूही येई.

माघ लागला आणि थंडीने कहर केला. दिवसामागून दिवस सूर्य दिसेना. रात्रभर वारा घोंगावे, आणि सकाळी अक्रोडाखाली एखादे पाखरू पाय वर करून पडलेले असे. हातात घेतले तर कापसाइतके हलके. सोमिल ते वाळक्या पानांखाली नेऊन ठेवी. दगडावर दाणे होते, तरी ती मरत होती.

"दाण्यानं पोट भरतंय, पण ऊब धरत नाही," सोमिल म्हणाला. घरातले तूप त्यांनी आधीच पिठात कालवून घातले होते आणि तुपाची बुधली आता कोरडी होती. तेलही दिव्यापुरतेच उरले होते. सोमिलाला पुन्हा खोकला झाला होता. तो भिंतीला टेकून बसून राहिला आणि गप्प झाला.

तो गप्प का आहे हे कुमुदेला कळत होते. माजघरातल्या फळीवर पितळेचा डबा होता. त्यात तूप होते, अक्रोड होते, तीळ होते, गूळ होता. सोमिलाला तो डबा ठाऊक होता, आणि त्याला ठाऊक आहे हे तिला ठाऊक होते. त्याने मागितला असता, तर तिने दिला नसता. लेकीच्या तोंडचे काढून देणार नाही म्हणून भांडली असती, आणि ते भांडण तीच जिंकली असती. पण त्याने मागितलेच नाही.

दुपारी ती माजघरात गेली. डब्यावरचे फडके सोडले, तसा भाजल्या तिळाचा आणि तुपाचा वास घरभर पसरला. याच सुमाराला इंदुलाचे दिवस भरत होते. कदाचित आज, कदाचित या घटकेला ती कळा देत असेल आणि आईच्या नावाने हाका मारीत असेल. एकेक लाडू वळताना कुमुदेने तिचाच चेहरा पाहिला होता. खिंड उघडेल तेव्हा बाळंतपण कधीच होऊन गेलेले असेल. तोवर हे लाडू या डब्यात राहतील, आणि बाहेर अक्रोडाखाली काहीच राहणार नाही. तिला रडू कोसळले आणि ते तिने आवरलेही नाही. रडतच तिने एक लाडू उचलला आणि फोडला.

वाऱ्याच्या उलट बाजूला, झाडाच्या सालीतल्या भेगांत ती लाडवाचा चुरा बोटाने दाबून बसवू लागली. आधी काहीच हलले नाही. मग काळ्या टोपीचे एक पाखरू खोडावरून उतरले, तिच्या हाताच्या अगदी जवळ आले आणि खाऊ लागले. त्याच्या मागून दुसरे आले.

"बाळंतिणीचं आहे बाबांनो," कुमुदा नाक पुसत म्हणाली, "सांडू नका."

मागे पाऊल वाजले. सोमिल घोंगडी पांघरून उभा होता.

"इंदुला विचारील, आई, माझे लाडू कुठे आहेत? काय सांगू तिला?"

"खरं ते सांगू. रागावली तर रागावू दे."

"तुम्हाला सगळंच सोपं!"

"सोपं नाही गं," सोमिल म्हणाला. "मलाही त्या पोरीचा चेहरा रोज दिसतो." एवढे बोलून तो तिच्या शेजारी आला आणि दुसऱ्या बाजूच्या भेगा भरू लागला.

थंडी सरेपर्यंत रोज तो डबा उघडत राहिला. सगळी पाखरे वाचली असे नाही. पण आता सकाळी अक्रोडाखाली क्वचितच काही सापडे, आणि फांद्यांवर हालचाल असे. कुमुदेचा राग कधी गेला हे तिलाही कळले नाही. पहाटे जाग आली, की ती आधी झाडाकडे कान लावी आणि किलबिल ऐकू आली, की मगच चूल पेटवायला उठे.

फाल्गुनात एका सकाळी वारा दक्षिणेचा सुटला. छपरावरून पाणी ठिबकू लागले. कुमुदा नेहमीप्रमाणे दाणे घेऊन गेली, दगड झाडला, दाणे पसरले आणि थांबली. कोणी आले नाही. फांद्या रिकाम्या होत्या. वर, खूप उंच, रानाकडे जाणारा एक थवा दिसला, आणि पाहता पाहता तो दिसेनासा झाला.

"गेली!" ती सोमिलाला म्हणाली, आणि तिचा आवाज दुखावलेला होता. "एवढं केलं आपण. माझी लेक तिकडे एकटी बाळंत झाली. आणि यांनी एकदा वळूनसुद्धा पाहिलं नाही!"

सोमिल मोठ्याने हसला. आजारपणानंतर तो इतका पहिल्यांदाच हसला. "अगं, वळून पाहायला अजून इथलं काही हवं असतं, तर आपलं काम अपुरं राहिलं असतं. त्यांना आता आपली गरज नाही. आज खरं उद्यापन झालं बघ."

कुमुदा रिकाम्या फांद्यांकडे बघत राहिली. मग हळूहळू तिचा चेहरा निवळला.

खिंड उघडल्यावर गोभद्र परतला. त्याने निरोप आणला, की इंदुलाला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, सासूने सारे केले, आणि इंदुला आईवर फार रागावली आहे. परतणाऱ्या खेचरांबरोबर कुमुदा लगोलग खाली गेली. तिने लेकीला सगळे खरे सांगितले. इंदुला आईच्या गळ्यात पडून रडली आणि रडून झाल्यावर पुन्हा रागावली. कुमुदेने ते रागावणे गोड मानून घेतले, कारण त्या मुलीचे काही चुकत नव्हते.

पुढे बुद्ध झालेल्या त्याच बोधिसत्त्वाने, म्हणजे शास्त्यांनी, ही कथा सांगितली ती एका विहारात, वर्षावास संपल्याच्या दिवशी. पावसाळ्याचे महिने भिक्षू एका जागी राहतात, तो हा वर्षावास. त्या विहारात एक वृद्ध थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्षू, अंथरुणाला खिळले होते. सुप्पिय नावाच्या तरुण भिक्षूने वर्षावासापुरती त्यांची सेवा करीन असा नेम घेतला होता, आणि ती त्याने मनापासून केली होती. आता वर्षावास संपला, नेमही संपला. खांद्याला पात्र अडकवून तो निरोप घ्यायला आला होता. थेरांना अजून कुशीवर वळताही येत नव्हते.

कथा संपवून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा गोभद्र म्हणजे, 'चल, उशीर होतोय' म्हणून सुप्पियाला दाराशी हाका मारणारा त्याचा सोबती. सोमिल मी होतो. आणि कुमुदा म्हणजे पलीकडच्या कुटीत पडून असलेले थेर."

सुप्पियाने मान वर केली.

"त्या काळ्या टोपीच्या पाखरांपैकी एक तू होतास," शास्ता त्याला शांतपणे म्हणाले. "लाडवाचा पहिला घास तुझ्या चोचीत गेला होता. तू वळून पाहिलं नाहीस, ते पाखराला शोभलं. आता तू माणूस आहेस."

मग सगळ्यांकडे पाहून ते म्हणाले, "आपण ठरवलेला दिवस उलटला म्हणून हाती घेतलेलं काम संपत नाही. ज्याच्यासाठी ते घेतलं, त्याची गरज सरेपर्यंत ते न सोडणं, याला अधिष्ठान म्हणतात. त्या जन्मी मी ते अधिष्ठान पाळलं, पण त्याची किंमत कुमुदेनं मोजली होती."

सुप्पियाने खांद्यावरचे पात्र काढून खाली ठेवले. दाराशी पुन्हा हाक आली, पण तो तिकडे गेला नाही. थेरांना कुशीवर वळवायची वेळ झाली होती.